निघताना सांगायचं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, ज्यांच्या पेणकरपाड्यातल्या खोल्यांत आपलं मंडळ वाढलं ते आदरणीय काशीनाथशेठ भोईर; व्यासपीठावर बसलेल्या आपल्या सचिव हंसाबेन; आजची सत्कारमूर्ती रुचिता आणि तिचे आई-बाबा; समोर बसलेले मंडळाचे सगळे सभासद, पालक आणि नुसत्या समोशाच्या वासाने आत आलेले सिल्व्हर पार्कचे शेजारी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आपल्या 'सोबती दृष्टिबाधित मंडळा'चा नियम आहे, माइकवर येणाऱ्याने आधी नाव सांगायचं आणि कुठे उभा आहे ते सांगायचं. म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना तोंड कुठे वळवायचं ते कळतं. तर मी चंदन. स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात, पंख्याखाली. निळा शर्ट घातलाय, इस्त्रीचा. शर्ट उसना आहे, पण हे सांगायचा नियम नाही.

मला दोन मिनिटं दिली आहेत. हंसाबेन घड्याळाकडे बघतायत ते मला दिसतंय. पण रुचिता परवा उदगीरला निघतेय, बँकेत रुजू व्हायला, आणि तिला एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहिलीय. ती आज नाही सांगितली तर फोनवर सांगावी लागेल, आणि फोनवर मला जमत नाही. तेव्हा मी भरकटलो तर समोरून कोणीतरी खोका.

नव्या मंडळींसाठी सांगतो, मी रुचिताचा लेखनिक. परीक्षेत ती उत्तर सांगायची, मी लिहायचो. तिची बारावी, मग बी.ए., मग बँकेच्या परीक्षा. मी मंडळात आलो कसा? खुर्च्या घेऊन. तेव्हा मी मंडपवाल्याच्या टेम्पोवर होतो. आज तुम्ही बसलाय त्याच या लाल खुर्च्या. त्यातल्या एकीचा पाय तडकलाय, ती मी मागे भिंतीला टेकवून ठेवलीय, कृपया कोणी बसू नका. कोणी खोकलं का? बरोबर. तर मी खुर्च्या उतरवत होतो आणि हंसाबेन फोनवर कोणाला तरी विनवत होत्या. रुचिताचा ठरलेला लेखनिक कांजिण्यांनी झोपला होता आणि बारावीचा पेपर तोंडावर आला होता. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, अक्षर कसं आहे विचारलं, मग शिक्षण विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं, दहावी पास, अकरावी नापास.

"अरे वा, बहु सरस," हंसाबेन म्हणाल्या. "असाच पाहिजे होता."

मला वाटलं बाई थट्टा करतायत. मग त्यांनी समजावलं. लेखनिक हा परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो, म्हणजे तो स्वतःच्या डोक्याने लिहिणार नाही. बारावीचा पेपर लिहायचा तर बारावी न झालेलाच हवा. माझ्या नापास होण्यावर घरी आदळआपट झाली होती, शाळेत हसले होते, पण खूश असं आजवर कोणी झालं नव्हतं. आपली कुठे गरज पडेल असं मला तोवर वाटलंच नव्हतं. ती पडली, आणि तीही नापास म्हणून.

आम्हाला परीक्षेला वेगळी खोली असते. आवाजाचा इतरांना त्रास नको म्हणून. त्या पहिल्या पेपरला खेळाच्या सामानाची खोली मिळाली होती. कोपऱ्यात पॅड, हवा गेलेले फुटबॉल, आणि दाराशी एक पर्यवेक्षक मॅडम. रुचिता प्रत्येक वाक्याच्या आधी म्हणायची, "लिही." मग वाक्य. मग पुन्हा "लिही." मला आधी राग यायचा, मी काय मशीन आहे? दुसऱ्या पेपरपर्यंत सवय झाली. तिसऱ्या पेपरपर्यंत त्या शब्दाशिवाय माझा हात उचलेना.

आणि मग जादा वेळ. तुमच्यातल्या पालकांना माहीत आहे, आपल्या मुलांना तासाभराचा जादा वेळ मिळतो. मोठी घंटा होते, सगळी शाळा एकदम बाहेर सांडते, जिन्यात दंगा होतो, आणि मग सगळं शांत होत जातं. बाकं सरकवल्याचा आवाज, शिपायाचा झाडू, कुठेतरी उघडा राहिलेला नळ. एवढ्या मोठ्या इमारतीत फक्त आमची खोली चालू. रुचिता हळू आवाजात सांगतेय आणि मी लिहितोय. मी पुष्कळ गावं फिरलोय. पण आपण कुठे असायला हवं तिथेच आहोत असं मला त्या एका तासात वाटायचं. बाकी कुठे नाही. हे मी कधी कोणाला बोललो नव्हतो. आज पंख्याखाली उभा आहे म्हणून बोलतोय.

त्याच पहिल्या पेपरनंतर गेटबाहेर रुचिता मला कुठल्यातरी प्रश्नाबद्दल सांगत होती आणि मला पलीकडे भजीची गाडी दिसली. मी गेलो. भूक लागली होती. परत येऊन बघतो तर ही उभ्या केलेल्या स्कूटरला तो प्रश्न समजावतेय, आणि दोन मुली तोंडावर हात धरून हसतायत. ती रागावली नाही. हात पुढे करून भजी घेतली आणि म्हणाली, "चंदन, निघताना सांगायचं. नाहीतर मी रिकाम्या जागेशी बोलत राहते."

मंडळात हा नियम सगळ्यांना पाठ आहे. उठून जाताना म्हणायचं, मी निघालो. मला मात्र तो नवा होता. मी घरातून निघालो तेव्हा सांगितलं नव्हतं. सुरतेच्या साडीच्या दुकानातून निघालो, गोव्याच्या शॅकमधून निघालो, नाशिकला द्राक्षं भरायच्या कामावरून निघालो, कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. उदगीरलाही मी राहिलोय बरं का, एका ट्रकवाल्याबरोबर. रुचिता, तिथे स्टँडसमोर एक चहावाला आहे, तो प्रत्येक गिऱ्हाइकाला "काय पाव्हणं" म्हणतो, तू आवाजावरून ओळखशील. असो. खोकलात, ऐकलं. मुद्दा हा की मी कुठेही असलो तरी परीक्षेच्या दिवसांत इथे परत यायचो. काशीनाथशेठ म्हणायचे, खाडीवरचे पक्षी आले आनि आमचा चंदन आला, म्हंजे पेपर जवल आले.

आता गोष्ट वळणावर येते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी अर्थशास्त्राच्या पेपरला रुचिता मध्येच थांबली. चलनवाढीचा प्रश्न. आठवेना. आता तो धडा तिला मीच वाचून दाखवलेला, एकदा नाही, कितीदा तरी. मला उत्तर येत होतं. पूर्ण येत होतं. पर्यवेक्षक खिडकीशी पाठ करून उभे होते. मी पेन धरून बसलो. ती बराच वेळ बोटांनी बाक चाचपत राहिली, मग म्हणाली, सोड, पुढचा घे.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तुला येत होतं ना? श्वास रोखून बसला होतास."

मी हो म्हटलं. ती म्हणाली, बोलला असतास तर उद्यापासून मी दुसरा लेखनिक घेतला असता. मग थोडं चालून झाल्यावर, रिक्षाच्या रांगेत, हे म्हणाली: "बारावीचं सगळं तुला येतंय. बी.ए.चंही येतंय. मग तुझा पेपर कुठाय?"

मी हसण्यावारी नेलं. तिने नाही नेलं. बँकेत निवड झाली त्याच आठवड्यात तिने मला धरून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. सतरा नंबर म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून बारावी देणाऱ्यांचा.

आणि मंडळात पेच पडला. कारण समोर पहिल्या रांगेत आपला नीरज बसलाय. त्याची बारावी पुढच्या वर्षी आहे. दिवाळीत त्याने मला विचारलं होतं, चंदनदादा, माझा पेपर तूच लिहिणार ना? मी हो म्हणून बसलो होतो. आता मी बारावी पास झालो तर नियमाने त्याचा पेपर लिहू शकत नाही. रुचिताला माझी गरज संपलेली, बँकेत तिला बोलणारा संगणक आहे. बी.ए.ला बसणारं सध्या मंडळात दुसरं कोणी नाही. मग मी मंडळात कोण? काशीनाथशेठ, तुमच्यादेखत सांगतो, रागावू नका. तुम्ही बैठकीत म्हणालात, "पोरगा शिकतोय त शिकू द्या, मी न्हाय बोलत न्हाय. पन असा नापास आपल्याला पुन्हा मिलनार न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो. हंसाबेन म्हणाल्या, तू फॉर्म भर, नापास मी दुसरा शोधीन. पण त्या दिवशी पेणकरपाड्याहून खोलीवर चालत जाताना मला वाटत होतं, पुन्हा नापास झालो तर बरं. निदान जागा राहील.

परीक्षेला माझा नंबर भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत आला. मोठा वर्ग, रांगेने बाकं, सगळी माझ्यापेक्षा लहान पोरं. एकाने मला सर समजून पाणी कुठे आहे विचारलं. पेपर हातात आला. मी प्रश्न वाचला, पेन उघडलं, आणि थांबलो. का थांबलो ते आधी कळेना. मग कळलं. "लिही" म्हणणारं कोणी नव्हतं. शेवटी मीच हळूच म्हटलं, लिही. पुढचा मुलगा वळून बघायला लागला.

मग लिहीत सुटलो, पण माझी चाल ठरलेली. प्रश्न दोनदा वाचायचा, घाई नाही, मोठं उत्तर शेवटी शांतपणे. घंटा झाली, पोरं उठली, दंगा सुरू झाला. मी मान वर केली नाही. माझं खरं काम तर आता सुरू होणार होतं. सर माझ्या बाकाशी येऊन उभे राहिले आणि पेपर मागितला.

मी म्हटलं, "सर, जादा वेळ?"

"जादा वेळ कसला? तुला काय झालंय?"

मी पेनाला टोपण लावलं. मग म्हटलं, "काही नाही, सर."

मला खरंच काही झालेलं नाही. डोळे नीट आहेत, हात नीट आहेत. मी पेपर दिला. शेवटचा मोठा प्रश्न तसाच कोरा राहिला, आणि तो मला येत होता. गेटबाहेर एवढी गर्दी, प्रत्येक जण कोणाला तरी उत्तरं सांगतोय. मी भजी घेतली. एकट्याने खाल्ली. निघताना सवयीने म्हणालो, मी निघालो. भजीवाला म्हणाला, "हां भाई, निकल."

निकाल लागून आठवडा झाला. रुचिताने फोन केला तेव्हा मी म्हटलं, साइट उघडत नाहीये. साइट व्यवस्थित उघडत होती. रुचिता, मी पास झालो. काठावर, पण सगळ्या विषयांत. ही ती गोष्ट.

थांबा, टाळ्या नकोत, नीरजला आधी सांगू द्या. नीरज, तुझा पेपर मी नाही लिहिणार. सुरुची लिहील. दुसऱ्या रांगेत, डावीकडून, बांगड्या वाजतायत ती. आता अकरावीत जातेय, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी तिला महिनाभर शिकवतोय. काय शिकवतोय? एकच गोष्ट. येत असलं तरी गप्प बसायचं. तिला ते अजून जमत नाही, बघ आत्ताही बोलतेय. पण जमेल. आणि पेपर झाल्यावर गेटबाहेर ती तुला सोडून भजी खायला जाणार नाही, एवढं मी बघितलंय.

या भाषणाचंही सांगतो. मला बोलायला सांगितल्यावर मी रुचितालाच फोन लावला. म्हटलं, तू सांग, मी लिहून घेतो. ती म्हणाली, इतकी वर्षं तू माझंच लिहिलंस, तुझ्या मनात काय असतं ते मी एकदाही ऐकलेलं नाही, या वेळी मी एक शब्द सांगणार नाही. आणि फोन ठेवला. ठेवताना मात्र म्हणाली, मी ठेवतेय.

तर हे असं होतं. तुला ऐकायचं होतं, ऐकलंस. उदगीरला तुला कोणी रस्ता दाखवेल, कोणी चहा आणून देईल, माणसं चांगली आहेत. फक्त त्यांना पहिल्याच दिवशी निघताना सांगायचा नियम सांग. इथे माझं काय होईल ते मला माहीत नाही. आज रात्री या खुर्च्या मी टेम्पोत चढवणार आहे, एवढं नक्की आहे. त्यानंतरचं कोणी सांगितलेलं नाही, आणि आता सांगणारही कोणी नाही.

मंडळाने मला जागा दिली, अध्यक्षांनी सहन केलं, हंसाबेननी घड्याळ शेवटी पर्समध्ये टाकलं, रुचिताच्या आईने प्रत्येक पेपरला माझाही डबा दिला, या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, कुठे जास्त बोललो असेन, तर पदरात घ्या. आजवर माझ्या चुकांचे मार्क रुचिताचे कापले गेले. आजचे माझे कापा.

मी चंदन. स्टेजचा उजवा कोपरा, पंख्याखाली. रुचिता, मी निघालो.