पत्र्यावरचा भुईआवळा

भुईआवळ्याचं नाव काढलंस म्हणून सांगतो. एमएस्सीला माझा प्रोजेक्ट लिव्हरवरच्या त्या औषधी झुडपावरच होता. ईट गावच्या आमच्या रानातला पाला आईनं पत्र्यावर कडक उन्हात वाळवून दिला. लॅबमध्ये तपासला, तर अँटिऑक्सिडंट नावापुरतेच! सर म्हणाले, "सावलीत वाळवायचा असतो रे. उन्हानं गुण जातो."

जेवताना हे मी हसत हसत आईला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"दिवाळीपासनं ह्यांना त्योच देतीय की रं म्या."

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या लिव्हरची आशा डॉक्टरांनी कधीच सोडली होती. आई उठली, त्या पाल्याच्या चूर्णाचा डबा घेऊन उकिरड्याकडं निघाली.

खाटेवरनं आप्पा म्हणाले, "डबा कुठं नेतीस? माझं आजचं चूर्ण ऱ्हायलंय."