नाचणाऱ्या वस्तीचा बीट बंद झाला तेव्हा

मंडळी, ऐका! साधा प्रश्न आहे. नाचणाऱ्याला ऐकू येतं का? कान असतात हो, पण शब्द पोचतात का आत? हं... माना हलवू नका नुसत्या. तालात हलवताय, कळतंय मला!

सोलापूरच्या कडेला एक वस्ती. तिथं अंबिका नावाची पोरगी. नववीत शाळा सोडली – की शाळेनं तिला सोडली, देव जाणे! डोकं गरम, जीभ त्याहून गरम. आणि नाद कसला? रॅपचा! आजी, तोंड वाकडं करू नका. रॅप म्हणजे ठेक्यावर फडाफडा बोलणं. मी आत्ता काय करतोय? फक्त माझ्या डोक्यावर पगडी आहे, तिच्या डोक्यावर उलटी टोपी!

वस्तीत बायकांसाठी नवा संडास बांधलेला. टाइल्स चकाचक! आणि दाराला? कुलूप! किल्ली मंडळाचा अध्यक्ष सिद्रामअण्णा याच्याकडे. आत काय? मंडळाचं मखर, फुटके ढोल आणि अण्णाच्या तोंडाचे जुने बॅनर. बायका कुठं जायच्या? नाल्यापलीकडं, बाभळीत!

अंबिकाची वहिनी पोटुशी, दिवस भरत आलेले. डॉक्टरीणबाई ओरडायची, "पाणी पी, बाई, भरपूर पाणी पी!" वहिनी घरी येऊन तांब्या पालथा घालायची.

"का गं वहिनी, पीत का नाहीस?"

"प्यायलं की नाला ओलांडावा लागतो, अंबे. काल पाय सटकला."

झालं! पोरीच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं गाणं रचलं. शेजारच्या इरफाननं मोबाईलवर बीट बनवला. बीट असा, की मेलेला उठून नाचेल! आणि शब्द?

*ढोलाला छप्पर, बॅनरला दार,*
*बाईला झुडूप, तेही नाल्यापार!*
*कुलूप तुझं, किल्ली तुझी, तुझाच रुबाब,*
*पोट धरून वस्ती बसली – दे ना जवाब!*

गाणं सुटलं, मंडळी! रिक्षात तेच, हळदीत तेच, पोरांच्या तोंडी तेच – "दे ना जवाब!" आणि सगळ्यात पुढं कोण नाचतंय? सिद्रामअण्णा! काळा गॉगल लावून, बोट वर करून – "दे ना जवाब!" अरे, कुणाला विचारतोयस बाबा?!

वर म्हणतो कसा, "अंबे, तू तर स्टार झालीस बे! आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला स्टेजवर तूच पायजेस."

पोरगी हुरळली. का नाही हुरळणार? तुमचं नाव बॅनरवर आलं तर तुम्ही काय घरात बसून जप करणार आहात? नवे बूट चढवून वहिनीसमोर गिरकी घेतली – "कशी दिसतीय?"

"झ्याक! गाणंपण झ्याक आहे गं," वहिनी म्हणाली. "सगळी वस्ती नाचतीय. कुलूप तेवढं लागलेलंच आहे."

पोरीच्या तोंडावरचा रंग उडाला.

वर्धापनदिनाची संध्याकाळ. स्टेजवर अण्णा, गळ्यात हार. इरफाननं बीट सोडला, खुर्च्या सोडून माणसं उठली, अण्णा घुमायला लागला. अंबिका माईकपाशी आली आणि म्हणाली, "इरफान, बंद कर."

"काय?"

"बीट बंद कर रे!"

बीट बंद! लोक अर्ध्या उडीत थांबले. "ए, लाव की!" "लाइट गेली का?" शिट्ट्या, आरडाओरडा. पण ती बोलली. सावकाश, एकेक शब्द. *ढोलाला छप्पर...* कुणीतरी फिस्सकन हसलं. *बाईला झुडूप...* हसणारा गप्प झाला. *कुलूप तुझं, किल्ली तुझी...* आता सगळे अण्णाकडं बघायला लागले. आणि शेवटी सवयीनं सगळी वस्ती बोलली. ओरडली नाही, बोलली –

"दे ना जवाब."

अण्णाला घाम फुटला. "अगं... मी उघडणारच होतो! पण ती किल्ली... हरवलीय बघ."

खालून वहिनी उठली, पोटावर हात ठेवून. "हरवली? मग मघाशी नाचताना कमरेला काय खुळखुळत होतं, अण्णा?"

हसू असं फुटलं की मंडप हलला! अण्णानं जुडगा काढून दिला. बायका मंडपातून सरळ संडासावर! ढोल बाहेर, मखर बाहेर, बॅनर बाहेर. बॅनरवर अण्णा हात जोडून हसत होता. शेजारी खरा अण्णा, हात जोडूनच उभा. पण हसत नव्हता.

वहिनी आत गेली, बाहेर आली आणि पहिल्यांदा मागितलं काय? तांब्याभर पाणी!

हां, टाळ्या नकोत! टाळ्या तुम्ही मघाशीही वाजवल्यात. संतांनी काय कमी सुनावलंय आपल्याला? आपण त्याला चाल लावली, टाळ धरले, डोललो आणि प्रसाद खाऊन घरी गेलो. ज्याला फटका मारला तोच सगळ्यात पुढं डोलतोय!

पेटीवाले, थांबा. तबला, हात उचला. टाळ खाली ठेवा सगळ्यांनी.

...शांत झालं ना? आता मी बोलणार नाही. आरतीला वेळ आहे. या गावात कुणाला काय विचारायचं राहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तो माणूसही इथंच बसलाय, पुढच्या सतरंजीवर.

चला. कोण उठतंय?