दोन तासांचा भाव

—नाही हो, चूक नाही झालेली, लाल चिठ्ठीच आहे त्यावर, पाचशेच. शेजारचा मोठ्या कंपनीचा गेम दीडशेला आणि हा साध्या पाकिटातला पाचशेला — विचित्र वाटणारच, सगळ्यांना वाटतं. बाहेर बघा, चांगला असो की टुकार, नवा गेम एकाच भावाला — सब घोडे बारा टक्के! इथे तसं नाही. जुने गेम विकतो मी, आणि भाव मी लावतो. कसा? तर प्रत्येक गेम आधी स्वतः खेळतो — दोन तास, घड्याळ लावून. उत्तम असेल तर लाल चिठ्ठी, बरा असेल तर पिवळी, भिकार असेल तर पांढरी, पन्नासवाली. बारा वर्षं हेच चाललंय. सोन्याच्या भावात पितळ विकायचं नाही, आपला बाणाच आहे तो.

हा? हा माझ्या धाकट्या भावाने केलाय. एकट्याने, पाच वर्षं खपून — नोकरी सोडली, माझ्या बायकोचे टोमणे खाल्ले. तयार झाला तशी पहिली डिस्क घेऊन इथे आला, म्हणाला, दादा, लाव भाव. आता भाऊ म्हणून काय वेगळा नियम? बसलो खेळायला. दोन तास नुसते जिने चढायचे, दारं सगळी बंद, आत कुणी भांडतंय, कुणी खोकतंय — कंटाळलो. लावली पांढरी. गिऱ्हाइकांसमोर लावली हो! मला वाटलं, त्याला अभिमान वाटेल, दादा घरच्यांनाही सोडत नाही म्हणून. तो एवढंच म्हणाला, "तिसऱ्या तासाला दारं उघडतात, दादा." आणि मी काय म्हणावं? म्हणालो, तिसऱ्या तासापर्यंत थांबतंय कोण?

महिन्याभरात त्याने कॉम्प्युटर विकला. आता गोदामात खोकी उचलतो. त्याचं रिकामं टेबल बघवेना, म्हणून मी गेम पुन्हा लावला — आणि उघडली हो दारं. पहिल्या मजल्यावरची म्हातारी आपल्याला जेवायला बसवते. का? तर जिन्यात तिची सांडलेली पिशवी आपण भरून दिलेली असते — नसती दिली तर दार बंदच. रडलो मी, चाळिशीचा बाप्या! बारा वर्षांत असा गेम हातात आला नव्हता. लगेच लाल चिठ्ठी लावली, त्याला ओढत आणून दाखवली. त्याने चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "दया नको, दादा." आईची शपथ घेतली मी! त्या म्हातारीचं सगळं सांगितलं. तर म्हणतो, "गेमची गोष्ट लिहिलेल्या माझ्या वहीत वाचलं असशील." त्यानंतर दुकानात पाऊल नाही त्याचं, घरीही मान खाली घालून जेवतो आणि उठतो.

काय म्हणालात? ...भावाचा आहे, म्हणून लाल?

ठेवा तो खाली. नाही, पन्नासला नाही आणि पाचशेलाही नाही. तो शेजारचा घ्या, पिवळीवाला, बरा आहे. नकोय? मग निघा.