टाच टेकत नाही

थोरली : ही मी? खरं सांग, ही मी? एकदा माझ्याकडे बघ आणि एकदा हिच्याकडे बघ.

धाकटी : ताई, हळू बोल ना. बाहेर तुझे सगळे ड्रायव्हर चहा पितायत.

थोरली : पिऊ देत. त्यांनाही बोलावते आत. अख्ख्या डेपोला कळू दे, माझ्या सख्ख्या बहिणीच्या कंपनीने माझी बाहुली केलीय आणि तिची कंबर माझ्या मनगटाएवढी आहे.

धाकटी : अगं, बाहुलीची कंबर बारीकच असते.

थोरली : का असते? ही कंबर घेऊन दिवसभर बस चालवायची? दुसऱ्या फेरीला मोडून पडेल बिचारी.

भिंगरी : मावशी, हिला आणि हिच्या बसला खोक्यातून बाहेर काढू? माझ्या चिंधीशेजारी बसवते.

धाकटी : काढ, पण जपून हं. सॅम्पल आहे, एकच आहे. आणि ही चिंधी कोण? हे काळं गाठोडं?

भिंगरी : गाठोडं नाही! आईच्या मोज्याची बाहुली आहे. आईनेच शिवली. पायात वाळू भरलीय, म्हणून उभी राहते.

धाकटी : बरं बाई, चुकलं.

थोरली : तो तुमचा फोटोवाला आला होता ना, त्याने मला गाडीत चढवलं, उतरवलं, वळवलं, हसवलं. काय तर म्हणे, आम्हाला खरीखुरी बाई हवी, मॅडम. मी पण भाबडी! इस्त्रीचा युनिफॉर्म घालून उभी राहिले. कशासाठी? केस मोकळे, ओठ लाल, आणि स्टिअरिंग गुलाबी? गुलाबी स्टिअरिंग पाहिलंयस कुठे?

धाकटी : दुकानदारांनी मागितलं. मुलींच्या फळीवर ठेवायचं म्हणजे...

थोरली : गाडीला कुठे बाई-बाप्या असतं गं?

धाकटी : तू फक्त खोडच काढ. आपल्या लहानपणी काय होतं ते आठव. दोघींत मिळून एक बाहुली, ती पण नवरी. नटवायची, लग्न लावायचं, की खेळ संपला. आता आमच्याकडे डॉक्टर आहे, वैमानिक आहे, चाकाच्या खुर्चीतली आहे, चष्मेवाली आहे. बस चालवणारी बाई करू या, हे मीटिंगमध्ये कोण म्हणालं? मी! सगळे फिदीफिदी हसले. तरी मी रेटलं.

थोरली : त्याचं कौतुक आहे मला. खोटं नाही बोलत. त्या नवरीला मी बुटांच्या खोक्यात बसवून गाडी चालवायला लावली होती, आठवतंय?

धाकटी : न आठवायला काय झालं! नवरीचे कपडे चुरगळले म्हणून आईने पाठीत धपाटा घातला होता. तुला एक, मला एक.

थोरली : हो ना? धपाटे खाऊन मी गाडी शिकले. आणि तुम्ही ड्रायव्हरला पुन्हा नटवून बसवलंत.

भिंगरी : आई, खोक्यावरचं वाचून दाखवू? कर्तबगार ताई. बसचालिका. रंग, गव्... गव्हाळ. गव्हाळ म्हणजे काय?

(थोरली खोकं तिच्या हातातून घेते.)

थोरली : हा शब्द कुणी लिहिला?

धाकटी : ताई, ऐक ना...

थोरली : कुणी लिहिला विचारतेय.

धाकटी : मी.

थोरली : शाबास! दुसऱ्या कुणी लिहिला असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू लिहिलास? माझी स्थळं बघायला लागल्यावर आई सगळ्यांना हेच सांगायची ना? मुलगी गव्हाळ आहे. मग ती माणसं यायची. मी पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आले की ती आधी माझ्याकडे बघायची, मग आईकडे. तुम्ही तर गव्हाळ म्हणाला होतात! तू दाराआड उभी राहून ऐकायचीस आणि रडायचीस. माझ्यापेक्षा जास्त तू रडायचीस.

भिंगरी : पण आई, तू कुठे गव्हाळ आहेस? तू तर काळी आहेस.

थोरली : हो गं माझी बाय, काळी. छान, काळीभोर. बघ, एवढ्याशा पोरीला दिसतं. तुमच्या एवढ्या मोठ्या ऑफिसात कुणाला दिसलं नाही?

धाकटी : मी आधी काळीच लिहिलं होतं. त्यांनी खोडलं. मग सावळी लिहिलं. तेही खोडलं. सावळी बाहुली दुकानात पडून राहते म्हणाले, सगळ्यांना चालेल असा शब्द द्या. मग... तोंडात आला तो दिला.

थोरली : वा! एवढं शिकलीस, एवढ्या मोठ्या कंपनीत गेलीस आणि तोंडात आईचाच शब्द.

धाकटी : असं टोचून बोलू नकोस ना.

थोरली : टोचतंय? टोचू दे जरा.

भिंगरी : आई, हिला बस चालवताच येत नाहीये.

थोरली : आता आणखी काय झालं?

भिंगरी : पायाची नुसती बोटं ब्रेकला लागतात. टाच वरच राहते. आणि उभी केली की पडते.

थोरली : आण इकडे. अगं बाई! हे काय? हिचे पाय तर उंच टाचांच्या सँडलसाठी केलेत! ही टाच टेकणार कुठे? टाच टेकली नाही तर ब्रेक मारणार कशी? समोर कुणी आडवं आलं तर ही काय, मुरका मारून गाडी थांबवणार?

धाकटी : साचा जुना आहे, ताई. सगळ्यांना एकच साचा वापरतात.

थोरली : जुना म्हणजे कुठला?

धाकटी : नवरीचा.

थोरली : म्हणजे डॉक्टर, वैमानिक, मी, सगळ्या आतून नवरीच? वरून नुसते कपडे बदललेत?

धाकटी : आणि रंग. चेहराही तोच असतो. नाकसुद्धा.

थोरली : आणि तो तुमचा पोरांसाठीचा बाप्या बाहुला? आगीचा बंब घेऊन येतो तो? त्याचे पाय कसे आहेत?

धाकटी : सपाट.

थोरली : सपाट! त्याच्यासाठी बरा वेगळा साचा निघाला!

धाकटी : मला कळत नाही का हे? मी भांडले नसेन असं वाटतं तुला? त्या टेबलाशी मी एकटी असते, ताई. जास्त बोललं की म्हणतात, तुम्ही फार मनाला लावून घेता. मग मी गप्प बसते. काय करू? आज संध्याकाळपर्यंत तुझा होकार हवाय. खोक्यावर तुझा फोटो आणि खाली 'खऱ्या ताईवरून घडवलेली'. साहेबांना मी शब्द देऊन बसलेय. एवढं पार पडलं तर पुढच्या सगळ्या बाहुल्या माझ्या हातात येतील. नाही पडलं तर परत कपड्यांच्या विभागात, बटणं निवडायला.

थोरली : म्हणजे या सोंगावर शिक्का मारायला माझं तोंड हवंय.

धाकटी : एकदाच! एकदा माझ्या हातात येऊ दे, मग सगळं बदलते. साचा बदलते, रंग बदलते.

थोरली : आईपण अगदी हेच म्हणायची. एकदा लग्न जमू दे, मग रंगाचं कोण बघतंय!

धाकटी : ताई...

थोरली : नाही म्हणजे नाही. मी रोज गाडी काढते तेव्हा अजूनही एखादा बाबा चढताना विचारतो, बाई चालवणार? मग उतरू का? त्याला तोंड द्यायला मी समर्थ आहे. पण उद्या एखादी माझ्यासारखी काळी, जाडी पोर दुकानात जाईल, ही बाहुली बघेल आणि तिला वाटेल, ड्रायव्हर व्हायचं तर असं दिसावं लागतं. तिला काय सांगू? आणि वर माझाच फोटो! चल, माझी फेरी लागायची वेळ झाली. भिंगरे, मावशीची बाहुली तिला दे.

भिंगरी : ही मावशीचीच बाहुली आहे, मला माहितीये.

धाकटी : माझी नाही गं राणी. ही तुझी आई आहे. म्हणजे, आईसारखी केलीय.

भिंगरी : छे! ही तर तू आहेस. तुझ्यासारखीच लाल ओठांची. आणि तूपण अशाच टाचा वर करून चालतेस. आईचे बूट सपाट असतात.

थोरली : भिंगरे, पुरे. मावशीला असं बोलायचं नाही.

धाकटी : बोलू दे तिला.

थोरली : फोन वाजतोय तुझा.

धाकटी : साहेबांचा आहे.

थोरली : मग घे की. मला काय विचारतेस?

धाकटी : हॅलो. हो साहेब, ताईकडेच आलेय. नाही, तिचा होकार नाहीये. नाही, मी तिला आणखी समजावणार नाही. साहेब, तो गव्हाळ शब्द आधी काढा. माझाच होता, मी परत घेतेय. रंग काळा लिहा आणि बाहुली काळी करा. हो, काळी. ऐकू येतंय ना? आणि पाय सपाट हवेत, बंबवाल्याचे आहेत तसे. हे सगळं झालं तर ताईला मी स्वतः घेऊन येते, नाहीतर फोटो मिळणार नाही. मनाला लावून घेतलंय, हो. बहीण आहे माझी. बटणं? चालेल. उद्यापासून बटणं निवडते. ठेवते.

थोरली : अगं, काय केलंस हे?

धाकटी : माहीत नाही.

थोरली : बस इथे. पाणी पी. आणि त्या सँडल काढ आधी, टाचा बघ कशा लाल झाल्यात. माझ्या चपला आहेत बाकाखाली.

धाकटी : मोठ्या होतील मला.

थोरली : होऊ देत. भिंगरे, दे गं ती बाहुली. मावशीला ती ऑफिसात परत द्यायचीय.

भिंगरी : आत्ता नाही. ती खिडकीशी बसलीय. तिकीट काढलंय तिने.

धाकटी : आणि गाडी कोण चालवतंय?

भिंगरी : चिंधी.

धाकटी : बरं. मग मला कधी मिळणार?

भिंगरी : तिचा स्टॉप आला की देते.