चोरीस न गेलेल्या अकरा टोमॅटोंविषयी

पुरवणी जबाब. नाव पूर्वीच्या तक्रारीत नमूद आहे तेच. गल्लीत 'महामहोपाध्याय' या उपाधीने परिचित. सदर उपाधी कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नाही. वय ५६ वर्षे, धंदा पुस्तकबांधणी, राहणार तळमजला, मागील परसासह.

मी समक्ष हजर राहून लिहून देतो की, परवा सोमवारी मी याच ठाण्यात, माझ्या परसातून अकरा पक्व टोमॅटो अज्ञात इसमाने चोरून नेले, अशी तक्रार दिली होती. ती मी आज मागे घेत आहे. सदर टोमॅटो चोरीस गेलेले नाहीत. न जाण्याचे कारण, ते तेथे नव्हते.

या ठिकाणी हवालदारांनी, "काका, जरा सोपं सांगा, मला लिहायचंय," अशी सूचना केली. ती शिरोधार्य मानून पुढील मजकूर यथाशक्ती सोपा सांगत आहे.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेचे स्वरूप या प्रकरणी अप्रस्तुत आहे. तदनंतर ती शहराच्या दुसऱ्या टोकास तिच्या धाकट्या बहिणीकडे राहावयास गेली, कारण मेहुणी परिचारिका आहे आणि मी नाही. निघताना पत्नीने परसातील टोमॅटोची सहा रोपे माझ्या स्वाधीन केली. पायरीवर बसून ती म्हणाली, "एवढी जगवा. परत आले की पहिला टोमॅटो मी तोडणार." परत येण्याविषयी त्या दिवशी आम्हां उभयतांत एवढेच बोलणे झाले.

रोपांच्या संगोपनात माझ्याकडून कसूर झाली नाही. सूर्योदयापूर्वी उठून, पाने न भिजवता, मुळाशी पाणी घातले. मुळांवर वाळक्या पाचोळ्याचा थर दिला. सकाळी अकरापासून चारपर्यंत सावली राहावी म्हणून रोपांवर जुना पडदा ताणला. हा पडदा शेजारी राहणाऱ्या निवृत्त कंपाउंडरांनी विनामूल्य दिला होता, ही बाब मी पहिल्या तक्रारीत सांगितली नाही. परागकण पडावेत म्हणून रोज सकाळी प्रत्येक फुलाला हलकी टिचकी मारली. छप्पन्नाव्या वर्षी फुलांना टिचक्या मारताना कंपाउंडरांनी मला खिडकीतून पाहिले व "महामहोपाध्याय, शिकवणी चालू आहे वाटतं," असे उद्गार काढले.

फुले येत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळत होती. त्या काळात दुपारी भिंतीला हात लावता येत नव्हता आणि रात्रीही भिंत निवत नव्हती. गळालेली फुले मी पाकिटात जमा केली असून ती त्रेसष्ट आहेत. पाकीट सोबत आणले आहे. हवालदारांनी ते मुद्देमाल म्हणून स्वीकारण्यास नकार दिला.

गेल्या महिन्याच्या तेवीस तारखेस पत्नीचा तपासणी अहवाल येणार होता. तो आला नाही. आणखी काही दिवस लागतील, असे सांगण्यात आले. सायंकाळी फोनवर पत्नीने अहवालाविषयी अवाक्षर काढले नाही. एवढेच विचारले, "फळ धरलं का?" मी "धरलं" म्हणालो. रोपांचा आणि अहवालाचा काही संबंध असतो, असे मी मानत नाही. मी सुशिक्षित आहे. तथापि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो.

तेथून एक लहान, हिरवा, देठासह टोमॅटो आणून मी तो पुस्तक शिवण्याच्या मेणदोऱ्याने रोपाला बांधला, छायाचित्र काढले आणि पत्नीस पाठवले. पुढे सलग सतरा दिवस हाच क्रम ठेवला. वाढ नैसर्गिक वाटावी म्हणून रोज कालच्यापेक्षा किंचित मोठा आणि किंचित लाल नग निवडावा लागे. संख्याही हळूहळू वाढवली. भाजीवाली म्हणाली, "काका, लोक पिकलेला मागतात, तुम्ही रोज मोजपट्टी घेऊन येता. घरी नक्की कोण खातं?" छायाचित्रणोत्तर ते सर्व मीच खाल्ले. आजमितीस मला टोमॅटो हा शब्दही नकोसा झाला आहे, परंतु जबाबात तो टाळता येत नाही.

गेल्या शनिवारी अहवाल आला. चांगला आला. मेहुणीने फोनवर सांगितले, "भावोजी, गुरुवारी ताईला घरी आणते." मला अत्यानंद झाला. साधारण दहा मिनिटांनी रोपे आठवली.

यातून मार्ग म्हणून मी सोमवारी चोरीची तक्रार दिली. संशय कोणावर, असे विचारले असता मी म्हणालो, "संशय कोणावरही नाही, तथापि परसाकडे जिची दृष्टी जाते अशी खिडकी एकच आहे." वाक्य डौलदार झाले म्हणून मी बोलून गेलो. त्या वाक्यामुळे कंपाउंडरांना ठाण्यात बोलावतील, हे माझ्या ध्यानी आले नाही. त्यांनी चौतीस वर्षे लोकांची औषधे बिनचूक मोजून दिली आहेत. आज सकाळी दहापासून ते बाहेरच्या बाकावर बसले आहेत. मी आत येताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

काल मंगळवारी हवालदार पाहणीसाठी परसात आले. त्यांना चार देठांवर मेणदोऱ्याच्या गाठी आढळल्या. मी त्यास आधार म्हणालो. ते म्हणाले, "काका, आधार खोडाला देतात. देठाला दोरा बांधलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." गाठी बांधणीकामातील असून उत्तम होत्या. त्या सोडवण्यास त्यांना कात्री लागली.

आज दुपारी बाराच्या सुमारास माझी पत्नी मेहुणीसह ठाण्यात आली. कंपाउंडरांनी तिला फोन करून, "वहिनी, शपथ घेऊन सांगतो, तुमचे टोमॅटो मी खाल्ले नाहीत," असे कळवले होते. पत्नी प्रथम त्यांच्याशी बोलली. नंतर आत येऊन, बाहेरच्या बाकाकडे हात करीत हवालदारांना म्हणाली, "त्यांना घरी जाऊ द्या. चोरी झालीच नाही. त्या रोपांना पिवळे टोमॅटो येतात."

मी एकच शब्द बोललो, "पिवळे?" ही माझ्या आयुष्यातील दुर्मिळ घटना आहे.

तिने पुढे सांगितले की, बियाणे पिवळ्या वाणाचे होते आणि रात्रीचा उकाडा उतरेपर्यंत फुले गळणारच होती. तिथे ती असती तरी गळली असती. म्हणूनच पहिल्या हिरव्या टोमॅटोचे छायाचित्र पाहताच तिला कळले होते. "तुमचं काही चुकलं नाही हो," असे ती म्हणाली. वाण आणि फुलगळ, या दोन्ही गोष्टी तिच्या बागेच्या वहीत लिहिलेल्या आहेत. ती वही मीच हिरव्या कापडात बांधून दिली होती. अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायात मी बांधलेले पुस्तक उघडून वाचण्याची मला सवय नाही. वही सात आठवडे माझ्या उशाशी होती.

"पहिल्याच फोटोला कळलं होतं तर बोलली का नाहीस?" असे मी विचारले. पत्नी म्हणाली, "मग दुसरा आला नसता." यावर मेहुणी खिडकीबाहेर पाहू लागली. हवालदारांनी लेखणी खाली ठेवली व काही वेळाने पुन्हा उचलली.

खोटी तक्रार देणे हा गुन्हा आहे, हे मला समजावून सांगण्यात आले असून ते मला मान्य आहे. पुढील कारवाईस मी तयार आहे. कंपाउंडरांची मी सर्वांसमक्ष, एकही समास न वापरता, माफी मागितली. ते "पडदा परत द्या" म्हणाले. नंतर, "उन्हाळा संपल्यावर," असे म्हणाले.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. शेजारच्या खुर्चीवर बसून पत्नीनेही तो ऐकला. तिने एकच दुरुस्ती सुचवली: अकरा नव्हे, नऊ. शेवटच्या छायाचित्रात नऊच होते. ती रोज मोजत असे. दुरुस्ती मला मान्य आहे. त्या दुरुस्तीसह जबाब बरोबर आहे.