मशीनला चिमा

एसटी स्टँडवर जयगडची गाडी काही लागत नव्हती, आणि तेजस्वीच्या मागच्या बाकावर एक म्हातारे आजोबा नातवाच्या लॅपटॉपवर वाकले होते.

"ऋत्विक, ह्या ओळी कसल्या पळतायत रे?"

"लिनक्स सुरू होतंय, आजोबा. आधी कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, जागा होतो. मग काय काय जोडलंय ते बघतो आणि ते ते चालवणारं मॉड्यूल बोलावतो. कीबोर्डाचं वेगळं, वायफायचं वेगळं."

"म्हंजे तांडेलच की. होडीवर तांडेल मी, आधी उठायचो, मग एकेकाला हाक. नांगराला भिवा, जाळ्याला आप्पा, मशीनला चिमा."

"आणि एखादा नसला तर?"

"तुझा कर्नल काय करतो?"

"नसलेल्याला बोलावत नाही. पण आपण फाईलमध्ये नाव लिहून ठेवलं, तर वस्तू असो-नसो, त्याचं मॉड्यूल येतंच. हे बघा, प्रिंटरचं आलं. प्रिंटर कधीच भंगारात गेला."

"मग नाव काढलं नाहीस?"

"बाबांनी लिहिलेलं. ते होते तेव्हा."



"चिमाला समुद्रानं नेलं, त्यानंतरही मी होडी विकेपर्यंत रोज हाक मारायचो. मशीनला चिमा."

"मग मशीन कोण सुरू करायचं?"

"आप्पा जाळं ठेवून उठायचा."