धसईहून येताना थरथरणारी गाडी

टायरवाल्यांवर माझा मुळातच विश्वास नाही, आणि मुरबाडच्या त्या एकावर तर अजिबात नव्हता. पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग करून तो रिंगच्या काठाला शिशाची वजनं ठोकायचा, की स्टिअरिंग गप्प. पण धसईला सासुरवाडीला जाऊन आलो, की गाडी परत थरथरायची.

शेवटी मी त्याला धरलाच. "वजनं लावतोस, की नुसतं मशीन फिरवून दाखवतोस?"

तो भडकला. "शेठ, पडली नाय ती, कोणीतरी पकडीनं काढलीत. तुमी गाडी लावता कुठं?"

"सासऱ्यांच्या अंगणात."

तो नुसता हसला. म्हटलं, बघा, आता माझ्या सासरच्यांवर ढकलतोय!

पुढच्या खेपेला धसईत गाडीवर डोळा ठेवूनच जेवायला बसलो. ताटात नेहमीसारखं नदीच्या माशांचं कालवण. समोर भिंतीला सासऱ्यांचं मासे धरायचं जाळं वाळत होतं, आणि ते पाण्यात तळाला जावं म्हणून त्याच्या काठाला माझ्या चाकांची वजनं ओळीनं बांधलेली!

माझा घास हातातच राहिला. सासऱ्यांनी माझी नजर बघितली आणि ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, जाळं अजून एका अंगाला हलकं पडतंय. पुढल्या टायमाला मागच्या चाकांना पण वजनं लावून आणा."